सावलीचा हिशोब

दिवाळीच्या दिवसांत मुंबईला सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो, म्हणजे खरी दुपार होते, तेव्हा घड्याळात १२ वाजून २२-२३ मिनिटे झालेली असतात. हीच खरी दुपार फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५३ मिनिटांपर्यंत लांबते. भिंतीवरचे घड्याळ मात्र वर्षभर त्याच शांतपणे १२ चे ठोके देत असते. ह्या लबाडीत घड्याळाचे दोन अपराध आहेत. एक तर ते मुंबईचे नाहीच. ते अलाहाबादेजवळून जाणाऱ्या ८२॥ अंश रेखांशाचे आहे आणि त्यामुळे मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे धावते. १९०६ साली ही 'स्टँडर्ड' वेळ देशाला लागू झाली. तथापि मुंबईकरांनी आपला स्वतंत्र 'मुंबई टाइम' हट्टाने १९५५ पर्यंत चालवला, आणि एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. दुसरा अपराध असा की, सूर्य स्वतः वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो १६ मिनिटे लवकर येतो, फेब्रुवारीत १४ मिनिटे उशीर करतो. घड्याळाने ह्या दोन्ही गोष्टी पोटात घालून सर्वांना एक सरासरी वेळ वाटून दिली आहे.

तुम्हाआम्हाला त्याचे सोयरसुतक नसते. कचेरी ११ वाजता उघडली म्हणजे झाले. सूर्य कुठे आहे हे विचारतो कोण? पण ज्याला सूर्य कलल्यावरच प्रार्थना करावयाची आहे, त्याला विचारावेच लागते. मुसलमानाच्या पाच नमाजांपैकी एकही घड्याळाला बांधलेला नाही. पाचही सूर्याला बांधलेले आहेत. खरी पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत फजर. सूर्य मध्यान्हीवरून कलला की जुहर. सावली एका विवक्षित लांबीची झाली की असर. सूर्य मावळला की मगरिब. आणि पश्चिमेचा संधिप्रकाश विझला की इशा. सूर्य नेमका उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना नमाज पढू नये असाही दंडक आहे. तेव्हा 'साधारण दुपारी' म्हणून भागत नाही. क्षण ठाऊक हवा.

हा क्षण शोधण्याचा इतिहास सुमारे १४०० वर्षांचा आहे. त्यात गणिती आहेत, मिनारावर रात्री काढणारे बांगी आहेत, संगमरवर कोरणारे कारागीर आहेत, आणि हल्ली संगणकाची आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळीही आहेत. आपल्याकडच्या पंचांगाच्या इतिहासाशी त्याचे नाते इतके जवळचे आहे की, मराठी वाचकाला तो परका वाटू नये.

सोपी गोष्ट आधी. मदिनेच्या पहिल्या मशिदीत कोणी त्रिकोणमिती करीत नव्हते. सूर्य डोळ्यांना दिसे, सावली पायाने मोजता येई, आणि बिलालचा बुलंद आवाज सर्वांना ऐकू जाई. अरबी वाळवंटात आकाश स्वच्छ. पहाट, सांज ह्यांना साक्षीदार लागत नसत. पुढे मशिदी गावोगाव झाल्या तसे बांग देणाऱ्यांनी, म्हणजे मुअज्जिनांनी, आपले आडाखे बांधले. अमुक महिन्यात मध्यान्हीची सावली किती पावले, असर किती पावलांवर, हे तोंडपाठ असे. रात्रीसाठी चंद्राच्या २८ 'मंजिला'. म्हणजे आपल्या नक्षत्रांचीच भावंडे. कोणते नक्षत्र उगवत आहे, कोणते माथ्यावर आहे, ह्यावरून पहाट किती दूर आहे ते सांगावयाचे. आपल्याकडे लग्नघरी गुरुजी घंगाळात घटिकापात्र सोडून बसत, त्यातलाच हा प्रकार. मध्ययुगीन इजिप्तमध्ये बाजारावर आणि मशिदींवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जी नियमपुस्तके लिहिली गेली, त्यांत मुअज्जिनाला ह्या नक्षत्रांचे ज्ञान असले पाहिजे अशी अपेक्षा सांगितलेली आहे. नुसता गळा गोड असून चालत नसे!

आता असरची ती 'विवक्षित लांबी'. येथे एक मतभेद आहे, आणि तो मुद्दाम सांगावयाचा कारण तो आपल्या घरापर्यंत पोहोचलेला आहे. उन्हात एक काठी उभी करा. मध्यान्हीला तिची जी किमान सावली पडेल ती बाजूला ठेवा. तिच्यावर सावली आणखी एका काठीइतकी वाढली की असर सुरू झाला, असे शाफी पंथाचे शास्त्री म्हणतात. मालिकी आणि हंबली ह्यांचेही तेच मत. इमाम अबू हनीफा ह्यांच्या अनुयायांत रूढ असलेले मत असे की, सावली दोन काठ्यांइतकी वाढली पाहिजे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफी, कारण त्यांचा धर्म अरबांच्या गलबतांतून समुद्रमार्गे आला. घाटावरचे बहुतांशी हनफी, कारण तिकडे तो उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने आला. तेव्हा रत्नागिरीच्या अक्षांशावर एकाच दिवशी शाफी असर आणि हनफी असर ह्यांत पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत अंतर पडते. हिवाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. मुंबईत हे दोन्ही पंथ शेजारशेजारच्या गल्ल्यांत नांदतात. एका मशिदीतून असरची बांग होते आणि पलीकडच्या मशिदीत अजून सामसूम असते, ह्याचे कारण घड्याळ बिघडलेले नसून काठीच्या सावलीविषयीचा हा जुना वाद आहे.

पावलांनी सावली मोजण्याच्या ह्या विद्येत गणित शिरले ते बगदादेत. आणि शिरले ते, आपल्याला अभिमान वाटावा, आपल्या देशाचे बोट धरून. इसवी सनाच्या ७७० नंतर खलीफा अल्-मन्सूर ह्याच्या दरबारी एक भारतीय विद्वान ज्योतिषाचा ग्रंथ घेऊन गेला. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला तो सिद्धांत अरबीत 'सिंदहिंद' ह्या नावाने उतरला. त्याच्याबरोबर गेली ती 'ज्या'. आर्यभटाने ४९९ साली जिची कोष्टके श्लोकबद्ध केली तीच ही. अरबांनी तिला 'जीबा' म्हटले. अरबी लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढच्यांनी ते 'जैब' असे वाचले. जैब म्हणजे वस्त्राचा खोलगट भाग. म्हणून लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द घातला. आणि आपली मुले आज शाळेत 'साइन थीटा' घोकतात. एका शब्दाने इतका प्रवास करून पुन्हा घरी यावे आणि घरच्यांनी त्याला ओळखू नये, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादेत अल्-ख्वारिज्मी होऊन गेला. बीजगणिताचा तो मोठा आचार्य. त्याने सिंदहिंदाच्या आधारे आपली ज्योतिषसारणी तर रचलीच, पण बगदादच्या अक्षांशासाठी नमाजाच्या वेळांची कोष्टकेही तयार केली. आज ज्ञात असलेली अशी सर्वांत जुनी कोष्टके त्याच्याच नावावर आहेत. ह्याच गृहस्थाच्या नावाचा लॅटिनमध्ये अपभ्रंश होऊन 'अल्गोरिदम' हा शब्द जन्मला. संगणकाचे सगळे शास्त्र ज्या शब्दाभोवती फिरते, तो शब्द नमाजाच्या वेळांचे पहिले कोष्टक करणाऱ्याचे नाव आहे!

अर्थात, गणित आले म्हणून मशिदीने त्याचे तात्काळ स्वागत केले असे मात्र नाही. गझनीच्या अल्-बीरूनीने, ज्याने आपल्या देशाविषयी इतका मोठा ग्रंथ लिहून ठेवला त्याच बीरूनीने, सावल्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यात एका मुअज्जिनाची हकीकत येते. त्याला वेळ पाहण्याचे एक यंत्र दाखवले. यंत्रावर महिन्यांची नावे बायझंटाइन, म्हणजे ख्रिस्ती रूमी लोकांची होती, कारण सौर महिने त्यांचेच सोयीचे. झाले! काफिरांचे महिने असलेली वस्तू मशिदीत नको, असे मुअज्जिन म्हणू लागला. तेव्हा, रूमी लोक जेवतात आणि बाजारात हिंडतातही, मग ह्या बाबतीतसुद्धा त्यांचे अनुकरण करू नकोस, अशा आशयाचे उत्तर बीरूनीने त्याला दिले. असल्या उत्तराने कोणाचे मन वळते असा अनुभव नाही. पण बीरूनीचा स्वभाव त्यातून दिसतो.

मन वळले ते हळूहळू, आणि मुख्यतः कैरो व दमास्कस येथे. कैरोला इब्न यूनुस (मृत्यू १००९) नावाचा थोर वेधकर्ता झाला. त्याच्या नावाने चालत आलेली कैरोची वेळ-कोष्टके, मागाहूनच्या अनेकांनी भर घातलेली, १९ व्या शतकापर्यंत वापरात होती. तेराव्या शतकापासून मशिदींच्या नोकरवर्गात एक नवा माणूस दिसू लागतो. त्याला 'मुवक्कित' म्हणत. मुवक्कित म्हणजे वेळ ठरवणारा; पगारी, वक्फाच्या उत्पन्नातून पोसलेला ज्योतिर्गणिती. बांग द्यावयाची मुअज्जिनाने. केव्हा द्यावयाची हे सांगावयाचे मुवक्किताने. जगाच्या इतिहासात धर्मसंस्थेने आपल्या दारात गणित्याला कायमची नोकरी दिल्याची उदाहरणे फार नाहीत. हे त्यांतले ठळक उदाहरण होय.

ह्या मुवक्कितांचा मुकुटमणी म्हणजे दमास्कसचा इब्न अश्-शातिर. जन्म सुमारे १३०४, मृत्यू १३७५. लहानपणीच वडील वारले, आजोबांनी वाढवले, आणि शिकवले काय, तर हस्तिदंताचे जडावकाम! त्या बोटांची सफाई पुढे यंत्रे घडवताना कामास आली. उमय्यद मशिदीत तो मुवक्कित आणि मुअज्जिनांचा प्रमुख होता. १३६६ च्या सुमारास त्याने तळहातावर मावेल अशी एक पेटी केली. तिच्यात होकायंत्र, छायायंत्र, आणि नमाजाची वेळ व मक्केची दिशा काढण्याची सोय होती. पेटीचे नाव ठेवले 'रत्नांची पेटी'. खिशात घालून कोठेही न्यावी आणि वेळ पाहावी, ही कल्पना काही आपल्या मोबाइलवाल्यांची नव्हे.

त्याचे थोरले काम १३७१ चे. मशिदीच्या उत्तरेकडील अल्-अरूस नावाच्या मिनारावर त्याने संगमरवराचे एक छायायंत्र बसवले. सुमारे २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद शिळा; तिच्यावर रेषांचे जाळे कोरलेले; आणि शंकू पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला. उभ्या शंकूची सावली ऋतूप्रमाणे आपली चाल बदलते; अक्षाला समांतर केलेल्या शंकूची सावली बारा महिने सारख्या तासांनी सरकते, ही त्यातली खुबी. सूर्योदयापासून किती वेळ झाला, सूर्यास्ताला किती उरला, मध्यान्ह किती दूर, असर केव्हा, हे सारे त्या एका शिळेवर वाचता येई. शेजारच्या प्रांगणात हजारो माणसे रांगा धरून उभी आणि वर मिनारावर एक माणूस दगडावरच्या सावलीकडे डोळे लावून बसलेला, असे ते दृश्य असले पाहिजे. यंत्र पाचशे वर्षे टिकले. १९ व्या शतकात ते थोडे कलले आहे असे वाटून तंतावी नावाच्या मुवक्किताने ते नीट बसवावयास घेतले आणि त्या खटपटीत शिळा फुटली. बिचाऱ्याने १८७६ साली स्वतःच्या हाताने हुबेहूब प्रतिकृती करून मिनारावर बसवली. मूळचे तुकडे दमास्कसच्या संग्रहालयात गेले.

मौज अशी की, दमास्कसला ही शिळा चढण्याच्या आधी एक वर्ष, १३७० मध्ये, दिल्लीला फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी ह्या जैन पंडिताने 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. अरबांच्या अस्तरलाब यंत्रावरचा तो संस्कृतातला पहिला ग्रंथ. सहाशे वर्षांपूर्वी 'ज्या' इकडून तिकडे गेली होती. आता यंत्र तिकडून इकडे आले.

इब्न अश्-शातिरची आणखी एक कीर्ती आहे, ती १९५७ पासूनची. त्या वर्षी त्याच्या चंद्रगतीच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध झाला आणि विद्वानांच्या ध्यानात आले की, कोपर्निकसची चंद्राची आकृती गणिती दृष्टीने हीच आहे. कोपर्निकस दीडशेहून अधिक वर्षे नंतरचा. ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली, ह्यावर अजून वाद आहेत. ते आपण पंडितांवर सोपवू.

मला मात्र त्याच मशिदीतल्या दुसऱ्या माणसाचे अधिक कौतुक वाटते. शम्सुद्दीन अल्-खलीली हे त्याचे नाव. इब्न अश्-शातिरचा समकालीन. त्याने दमास्कससाठी नमाजाच्या वेळांची कोष्टके केली आणि ती तेथे १९ व्या शतकापर्यंत चालली. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. एका गावाचे कोष्टक दुसऱ्या गावी चालत नाही, कारण अक्षांश बदलला की सगळे बदलते. मग गावोगावचे कोष्टक कोणी करीत बसावयाचे? खलीलीने विचार केला की, सर्व गावांच्या गणितात वारंवार येणारे जे अवघड तुकडे आहेत, तेवढेच एकदा कायमचे सोडवून ठेवावेत. मग ज्याला हवे त्याने आपला अक्षांश आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती घ्यावी, कोष्टकातले दोनतीन आकडे उचलावेत, बेरीज-वजाबाकी करावी, उत्तर हाती. त्याच्या ह्या सार्वत्रिक कोष्टकात १३,००० हून अधिक आकडे आहेत, सर्व षष्टिमान पद्धतीने, सर्व हाताने काढलेले. शिवाय मक्केची दिशा सांगणारे सुमारे ३,००० आकड्यांचे वेगळे कोष्टक. आधुनिक काळात ह्या कोष्टकांचा अभ्यास डेव्हिड किंग ह्या इतिहासकाराने १९७३ पासून प्रसिद्ध केला, आणि आकडे तपासले तेव्हा ते विलक्षण अचूक निघाले. हे काम लक्षात ठेवावे. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

इथवर सगळे बगदाद, कैरो, दमास्कस. म्हणजे जेथे सूर्य रोज नियमाने उगवतो, मावळतो आणि काळोखही पडतो असे प्रदेश. पण जेथे काळोखच पडत नाही तेथे काय?

इसवी सन ९२१ मध्ये बगदादच्या खलीफाने व्होल्गा नदीच्या काठच्या बुल्गार राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. राजाने नुकताच इस्लाम स्वीकारला होता. त्याला धर्म शिकवणारा माणूस हवा होता आणि किल्ला बांधण्यास पैसाही हवा होता. पैसे, ४,००० दिनार, वाटेत अडकले ते अडकलेच. माणसे पोहोचली ९२२ च्या मे महिन्यात. त्यांत इब्न फजलान नावाचा चिटणीस होता, त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात ही हकीकत आहे. राजाच्या पदरी बगदादचाच एक शिंपी होता. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटला म्हटल्यावर गप्पांना काय तोटा? दोघे तंबूत बोलत बसले. इशाची बांग झाली की उठू असा विचार. थोड्याच वेळात बांग झाली. बाहेर येऊन पाहतात तो पहाट फुटलेली! इब्न फजलानने मुअज्जिनाला विचारले, ही कोणती बांग दिलीस? तो म्हणाला, फजरची. मग इशाची? ती आम्ही मगरिबबरोबरच उरकतो. आणि रात्र? रात्र ही एवढीच. चुलीवर सांजेला हंडी चढवावी तर ती शिजण्याआधी पहाटेचा नमाज येतो, असे त्याने सांगितले. बिचारा मुअज्जिन महिनाभर झोपला नव्हता, कारण झोप लागली तर पहाट हातची जाईल ही त्याला धास्ती.

ह्या गोष्टीत हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इशाची खूण म्हणजे संधिप्रकाश विझणे. बुल्गारचा अक्षांश ५५. तेथे उन्हाळ्यात संधिप्रकाश विझतच नाही. सांजेचा उजेड तसाच उत्तरेकडून सरकत पहाटेचा होतो. खूणच घडली नाही तर नमाज लागू होतो की नाही? काही शास्त्री म्हणाले, कारण नाही तर कार्यही नाही. त्या रात्री चारच नमाज. दुसरे म्हणाले, नमाज पाच सांगितले आहेत. आकाश काय करते तो आकाशाचा प्रश्न. हा वाद व्होल्गाकाठी शतकानुशतके धुमसत राहिला. १८७० साली काझान येथे शिहाबुद्दीन मर्जानी ह्या तातार विद्वानाने ह्याच एका प्रश्नावर पुस्तक छापले, आणि संधिप्रकाश विझो वा न विझो, इशा बंधनकारकच आहे असे प्रतिपादले. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाने थोडक्या रात्रीत केव्हा झोपावे आणि केव्हा उठावे, हा त्या शास्त्रार्थाच्या पोटातला खरा प्रश्न होता. आज हाच प्रश्न लंडनला आहे. तेथे मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरतच नाही.

हे '१८ अंश' काय आहे ते सांगावयास हवे, कारण विसाव्या शतकात सारे भांडण त्याच्यापाशी येऊन थांबले. पहाट म्हणजे काय? डोळ्याला पूर्वेकडे आडवा पांढरा पट्टा दिसू लागतो तो क्षण. पण तो क्षण आधीच सांगावयाचा तर सूर्य त्या वेळी क्षितिजाखाली किती अंश असतो, हे ठरवले पाहिजे. बीरूनीने १८ अंश सांगितले; दुसऱ्या कोणी १७, कोणी १९, कोणी २०. जुन्या काळी ह्या फरकाने फारसे बिघडत नसे, कारण कोष्टक सांगे आणि डोळा तपासून घेई. विजेचे दिवे आले, शहरांचे आकाश रात्रभर उजळून निघाले, आणि डोळ्याची साक्ष बंद पडली. उरला तो अंश. आज कराची पद्धत पहाटेला १८ अंश मानते, इजिप्तचे सर्वेक्षण खाते १९॥, मक्केची उम्मुल-कुरा पद्धत १८॥, आणि उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख संस्था १५ अंशांची पद्धत देत आली. मक्केच्या पद्धतीत इशासाठी अंशच नाही. मगरिबनंतर ९० मिनिटे, रमजानात १२०, की संपले. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे चार मिनिटांहून थोडे अधिक. चार मिनिटांत काय होते, असे ज्याला वाटेल त्याने रमजानच्या पहाटे कोणा मुसलमान गृहिणीला विचारावे. फजरची वेळ झाली की खाणेपिणे बंद. त्याआधी घरातल्या सर्वांचे पोटात पडले पाहिजे.

मलेशियाने २०१९ च्या नोव्हेंबरअखेर पहाटेचा अंश २० वरून १८ वर आणला आणि साऱ्या देशाची फजर ८ मिनिटांनी पुढे गेली. इंडोनेशियात मुहम्मदिया ह्या मोठ्या संस्थेने २०२१ मध्ये तसेच केले. तेथील धर्मखात्याने मात्र २० अंश कायम ठेवले. म्हणजे इतकी वर्षे लोक पहाट फुटण्याआधी फजर पढत होते काय? ज्यांनी हा बदल केला त्यांनी अंधाऱ्या किनाऱ्यांवर उपकरणे लावून आकाशाचा उजेड मोजला होता. ज्यांनी केला नाही त्यांच्यापाशीही आपले वेध होते. आपल्याकडे टिळक पंचांग आणि दाते पंचांग ह्यांच्या वादात काही घरांचे सणवार वेगळ्या दिवशी येतात. तेथेही मुळात प्रश्न अंशांचाच आहे आणि बाजू सोडण्यास कोणी तयार नाही. ह्या वादात माझा कौल विचाराल तर तो काळोख्या किनाऱ्यावर जाऊन पाहणाऱ्याच्या बाजूचा आहे. कोष्टक हे शेवटी डोळ्याचे नोकर.

तुर्कांविषयी थोडे सांगून पुढे जाऊ. उस्मानी साम्राज्यात मोठ्या मशिदींच्या आवारात मुवक्किताची स्वतंत्र खोली असे. तिच्या खिडकीत घड्याळे मांडलेली असत, आणि येणारेजाणारे त्यांवरून आपले खिशातले घड्याळ लावून घेत. हे घड्याळ सूर्यास्ताला १२ दाखवी. म्हणून सूर्यास्त सरके तसे ते रोज थोडे फिरवावे लागे. नव्या प्रजासत्ताकाने १९२५ च्या अखेरीस कायदा करून युरोपी वेळ आणली, आणि १९५२ साली मुवक्कितांचे उरलेसुरले खातेही बंद झाले. त्यांचे काम छापील तक्त्यांनी घेतले. आपल्याकडच्या मशिदींतही भिंतीवर लाकडी फळा दिसतो. त्यावर पाचसहा घड्याळांची तोंडे रंगवलेली आणि काटे हाताने फिरवावयाचे. वेळ केव्हा सुरू होते हे तक्ता सांगतो. सर्वांनी मिळून केव्हा उभे राहावयाचे हे ते काटे सांगतात. अलीकडे त्या जागी लाल आकड्यांचे विजेचे फलक आले आहेत.

आणि त्या फलकांमागे, तसेच लोकांच्या मोबाइलमागे, आहे ती संगणकाची 'लायब्ररी'. येथे पुस्तकांची कपाटे मनात आणू नयेत. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे एखादे अवघड काम करणारी, एकदा नीट लिहून ठेवलेली आज्ञावली. दुसऱ्या कोणी फलक बनवो, घड्याळ बनवो, त्याने ती उचलून आपल्या कामात जोडावयाची. २००७ च्या सुमारास 'प्रेटाइम्स' नावाची अशी एक लायब्ररी निघाली; पुढे 'अधान' नावाची दुसरी आली. दोन्ही फुकट, आणि त्यांची आज्ञावली कोणालाही वाचावयास खुली. तिला द्यावयाचे काय? गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि पद्धत. ती देते काय? पाच नमाजांच्या वेळा आणि सूर्योदय. मध्ये ती करते ते एवढेच: त्या दिवशीची सूर्याची क्रांती काढावयाची, सूर्य किती मिनिटे लवकर वा उशिरा आहे ते काढावयाचे, आणि मग गोलीय त्रिकोण सोडवून सूर्य अमुक अंशांवर केव्हा येईल ते सांगावयाचे. त्या त्रिकोणात 'ज्या' आहेच. 'अधान'मधील सूर्याचे गणित बेल्जियमचे ज्योतिर्गणिती झां मेउस ह्यांच्या ग्रंथावरून घेतलेले आहे. एकाने अवघड तुकडा सोडवून ठेवावा आणि गावोगावच्यांनी तो वापरावा, ही तर थेट खलीलीची युक्ती. फक्त त्याचे १३,००० आकडे आता कोणाला लिहावे लागत नाहीत, क्षणार्धात नव्याने निघतात.

पण ह्या आज्ञावलीत गणिताखेरीज जे आहे तेच मला वाचनीय वाटते. तेथे एक जागा आहे: असर कोणती, शाफी की हनफी? पद्धत कोणती, कराची, मक्का, इजिप्त की आणखी कोणती? प्रत्येकीचे अंश शेजारी लिहिलेले. हजार-बाराशे वर्षांचा शास्त्रार्थ दहावीस ओळींत निमूटपणे मांडून ठेवला आहे, आणि निवडावयाचे काम वापरणाऱ्यावर सोडले आहे. आता, वापरणारे कितीजण निवडतात? माणूस मोबाइल घेतो, गावाचे नाव घालतो आणि आत आधीपासून जी पद्धत घातलेली असेल ती मुकाट्याने पाळतो. ती घालणारा कोठे तरी दूर बसलेला एक तरुण असतो. त्याला कोणी मुवक्कित नेमलेले नाही, वक्फाचा पगार नाही. पण घरोघरच्या रोजाची पहाट त्याने टाइप केलेल्या आकड्यावर फुटते. रत्नागिरीच्या शाफी घरात हनफी असर दाखवणारे यंत्र आले, तर घरचे म्हातारे माणूस दारातल्या सावलीकडे पाहून पुटपुटणारच.

उत्तरेकडच्या काळोख नसलेल्या रात्रींसाठीही ह्या लायब्ररीत सोय आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे सात भाग करावेत. पहिला भाग सरला की इशा, शेवटचा भाग उरला की फजर, असा एक नियम तीत निवडता येतो. दुसराही आहे, रात्रीचे बरोबर दोन भाग करण्याचा. पहिला नियम बुल्गारच्या अक्षांशाला लावून पाहावा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तेथे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सुमारे ६ तास ३७ मिनिटे मिळतात. सातवा भाग ५७ मिनिटांचा. म्हणजे सूर्य मावळल्यावर तासाभरात इशा, उगवण्यापूर्वी तासभर आधी फजर, आणि मधे त्या मुअज्जिनाला झोपावयास पावणेपाच तास.